फुटलेले आमदार पडले, सरकार मात्र तेच राहिले: गोव्याच्या चाळीस छोट्या मतदारसंघांविषयी

अंत्रुजकर

गोव्यात २०२७ च्या सुरुवातीला विधानसभेची निवडणूक आहे आणि आमच्या फोंड्यात आत्तापासूनच कोण कुठून उभा राहणार याच्या पैजा लागल्यात. कोण कुठल्या पक्षातून, हे मात्र कुणी छातीठोक सांगत नाही. तेवढी अक्कल आम्हाला आली आहे.

या निमित्ताने बरेच दिवस डोक्यात घोळणारी गोष्ट मांडतो. गोव्याचा मतदार आपल्या आमदाराला चांगला धारेवर धरतो, सरकारला मात्र धरू शकत नाही. 'लोकच विकले जातात' आणि 'नेतेच नालायक' ही नेहमीची दोन उत्तरे मला पुरेशी वाटत नाहीत. आमच्या एका मतात दोन प्रश्न कोंबलेले आहेत: माझी कामे कोण करणार आणि राज्य कोण चालवणार. पहिल्याचे उत्तर देता देता दुसरा हातातून निसटतो.

आधी आकार बघा. जागा ४०, मतदार २०२२ ला साडेअकरा लाखांच्या आसपास. एका आमदारामागे सरासरी २९ हजार मतदार, आणि त्यातल्या ऐंशी टक्क्यांच्या घरात मतदान. पाच-सहा उमेदवारांत मते वाटली गेली की आठ-दहा हजारांवर माणूस निवडून येतो. २०२२ ला फोंड्यात रवी नाईक ७७ मतांनी जिंकले, सांत आंद्रेत आरजीचे (रिव्होल्युशनरी गोवन्स पक्ष) वीरेश बोरकर ७६ मतांनी, आणि खुद्द मुख्यमंत्री प्रमोद सावंत साखळीत ६६६ मतांनी. ७७ मते म्हणजे धड एक वाडासुद्धा नाही. पाच-सहा एकत्र कुटुंबे आणि त्यांचे सोयरे.

अशा ठिकाणी आमदाराचा दिवस कसा सुरू होतो ते बाहेरच्यांना ठाऊक नसते. सकाळी सातला अंगणातल्या प्लास्टिकच्या खुर्च्या भरलेल्या असतात. एकाला वीजजोडणी हवी, एकाला सूनबाईची बदली काणकोणहून फोंड्याला हवी, एकाची आई गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेज) जमिनीवर गादी टाकून आहे, एकाला मुलगा साबांखात (सार्वजनिक बांधकाम खाते) चिकटवायचा आहे. आमदार प्रत्येकाला नावाने ओळखतो, बापाच्या नावानेही. फोन तिथल्या तिथे लावतो, स्पीकरवर, सगळ्यांना ऐकू जाईल असा. काम झाले नाही तर ते घर फिरते, आणि घर फिरले की वाडा फिरायला वेळ लागत नाही.

कुठला वाडा फिरला हेही त्याला नेमके कळते. एका बूथवर साधारण सहाशे-सातशे मतदार, मतदारसंघात चाळीसेक बूथ, आणि निकालानंतर प्रत्येक बूथची आकडेवारी फॉर्म २० मध्ये जाहीर. मत गुप्त, वाडा उघडा.

आता सरकारकडे वळा. २०१७ ला काँग्रेसला १७, भाजपला १३. पदावर असलेले मुख्यमंत्री पार्सेकर मांद्र्यात पडले. तरी सरकार भाजपचे झाले, कारण ज्यांनी प्रचार भाजपविरोधात केला त्या गोवा फॉरवर्डचे तिघे आणि युती मोडून स्वतंत्र लढलेल्या मगोचे (महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष) तिघे पर्रीकरांसोबत गेले. पुढे २०१९ च्या मार्चमध्ये मगोच्या तिघांतले दोघे भाजपमध्ये विलीन झाले. जुलैत काँग्रेसच्या तेव्हाच्या १५ पैकी १० जण, विरोधी पक्षनेते बाबू कवळेकरांसकट. कवळेकर उपमुख्यमंत्री झाले आणि ज्या गोवा फॉरवर्डच्या टेकूवर सरकार उभे राहिले होते त्यांना नारळ मिळाला.

२०२२ ला मतदारांनी या दहांचे काय केले? तिघे परत आले: बाबूश आणि जेनिफर मोन्सेरात, आणि नीळकंठ हळर्णकर. बाकी सात घरी बसले. केप्यात खुद्द कवळेकर पडले. याला मतदाराचा विसरभोळेपणा कोण म्हणेल? लोकांनी लक्षात ठेवून पाडले. आणि सरकार कुणाचे आले? भाजपचे, २० जागांसह.

तर माझा प्रश्न असा. शिक्षा नेमकी ज्याला व्हायची त्याला झाली, तरी तिचा कारभारावर शून्य परिणाम होतो. ही पद्धत कशी दुरुस्त करायची?

मुठाकाठची

छान धागा. आमच्याकडे उलटा आजार आहे, म्हणून लिहिते.

पुण्यात महापालिकेला चार सदस्यांचा प्रभाग. जानेवारी २०२६ च्या निवडणुकीत ४१ प्रभाग, १६५ जागा, त्यातला एक प्रभाग तर पाच जणांचा. मतदाराने अ, ब, क, ड अशी चार बटणे दाबायची. एका प्रभागात तुमच्याकडचे विधानसभेचे दोन-तीन मतदारसंघ बसतात म्हणा ना. तुमच्याकडे आमदार सुनेची बदली करून देतो, आमच्याकडे ड्रेनेजचे झाकण कुणाच्या हद्दीत येते हे चौघांनाही माहीत नसते. आमच्या गल्लीत पावसाळाभर चेंबर तुंबला होता. 'अ' म्हणाले निधी 'क' ताईंकडून येईल, ताई म्हणाल्या तो भाग 'ड' भाऊ बघतात, भाऊ गावाला. शेवटी सोसायटीने वर्गणी काढून खासगी माणूस बोलावला.

गंमत बघा. पद्धत दर वेळी बदलते. २००२ ला तिघांचा प्रभाग, २००७ ला एकाचा, २०१२ ला दोघांचा, २०१७ ला चौघांचा. महाविकास आघाडीने तिघांचा करायचा घाट घातला, सरकार बदलले आणि पुन्हा चार. मुंबईत मात्र कायम एक वॉर्ड एक नगरसेवक, २२७. म्हणजे लोकांना काय सोयीचे हा विचार कुणी केला असेल असे वाटत नाही. ज्या पक्षाची हवा असते त्याला मोठा प्रभाग लाभतो, कारण चिन्ह बघून चार बटणे सरळ दाबली जातात.

आणि सगळ्यात मोठा विनोद: मार्च २०२२ पासून जवळजवळ चार वर्षे निवडणूकच नव्हती. प्रशासक. तेव्हा चौघांतले तर सोडाच, एकही उत्तर द्यायला बांधील नव्हता.

खवट

अंत्रुजकर, एवढा मोठा लेख लिहिलात आणि २०१२ गाळलेत? सोयीचे तेवढे घ्यायचे असे दिसते.

२०१२ ला गोव्याच्या मतदाराने सरकारलाच पाडले होते. खाण घोटाळा आणि घराणेशाही, दोन्ही मुद्दे राज्याचे. दिगंबर कामतांची काँग्रेस १६ वरून ९ वर आली. आलेमाव घराण्यातले चौघे उभे होते, चर्चिल, ज्योकीम, युरी आणि वालंका, चारही पडले. भाजपला २१, स्वतःच्या ताकदीवर बहुमत. मतदारसंघ तेव्हाही एवढेच छोटे होते ना?

दुसरे म्हणजे महाराष्ट्र. इथे एका मतदारसंघात तीन-साडेतीन लाख मतदार. आमदार कुणाला नावाने ओळखत नाही. तरी २०२२ च्या जूनमध्ये काय झाले आणि २०२३ च्या जुलैमध्ये काय झाले ते सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिले. आकाराचा आणि फुटण्याचा संबंध मला तरी दिसत नाही.

अंत्रुजकर

खवट, २०१२ चा मुद्दा चोख आहे आणि माझ्या म्हणण्याला तो पूरकच आहे. त्या वर्षी दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच होते. तालुक्यात मुजोर झालेला आमदार आणि पणजीत बसलेले सरकार, दोघे एकाच पक्षाचे, आणि समोर पर्याय एकच ठळक. असे जुळून आले की छोटा मतदारसंघ सरकारसुद्धा पाडतो. जुळले नाही की मतदार कामाच्या माणसाकडे जातो. २०१७ आणि २०२२ ला जुळले नाही.

महाराष्ट्राबद्दल: फुटायची इच्छा सगळीकडे सारखीच, खर्च वेगळा. तुमच्याकडे चाळीसेक आमदार हलवायला सुरत, गुवाहाटी, चार्टर विमाने लागली. आमच्याकडे विधिमंडळ पक्ष ११ जणांचा असेल तर पक्षांतरबंदीतून सुटायला लागणारे दोन तृतीयांश म्हणजे ८. एका टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये मावतात, चालकाशेजारची सीट रिकामी राहते. १४ सप्टेंबर २०२२ ला काँग्रेसचे तेच झाले.

आणि मंत्रिपदांचे गणित विसरू नका. ९१ व्या घटनादुरुस्तीने मंत्रिमंडळ सभागृहाच्या १५ टक्क्यांवर आणले, पण छोट्या राज्यांसाठी किमान १२ ठेवले. ४० च्या सभागृहात बहुमत २१, त्यातले १२ मंत्री. उरलेल्यांतला एक सभापती, एक उपसभापती, बाकीच्यांना महामंडळे. सत्ताधारी बाकावर बसून सरकारला प्रश्न विचारायला माणूसच शिल्लक राहत नाही.

निमूट वाचक

वाचतोय. ती काँग्रेसवाल्यांची शपथ कुणीतरी लिहा ना, आमच्या इथे कुणाला खरी वाटत नाही.

झुआरीपारची

निमूट, मी लिहिते, कारण तेव्हा आमच्या घरात तीन दिवस हाच विषय होता.

२२ जानेवारी २०२२. काँग्रेसने आपले उमेदवार आधी पणजीच्या महालक्ष्मीच्या देवळात नेले, मग बांबोळीच्या खुरसाकडे (क्रूसाकडे), मग बेतीच्या दर्ग्यात. तिन्ही ठिकाणी शपथ: निवडून आलो तर पक्ष सोडणार नाही. पक्षांतरबंदी कायद्यावर कुणाचा विश्वास उरला नव्हता म्हणून प्रकरण देवाकडे गेले. ११ निवडून आले, सहा महिन्यांनी ८ गेले. त्यात दिगंबर कामत होते, मायकल लोबो होते. शपथेचे काय असे पत्रकारांनी विचारल्यावर कामत म्हणाले की देवळात जाऊन देवाला पुन्हा विचारले, देवाने तुला योग्य वाटेल ते कर असे सांगितले. २०२५ च्या ऑगस्टमध्ये ते मंत्री झाले.

माझी आई मडगावची, कामतांची मतदार. तिला राग आला का? आला. पण तिचे वाक्य असे होते: "फुडल्या फावटीं पळोवया, पूण आमचो रस्तो ताणेंच केलो." म्हणजे बघू पुढल्या खेपेला, पण रस्ता त्यानेच केला. अंत्रुजकरांचे दोन प्रश्न एका वाक्यात.

अजून एक भर घालते. छोट्या मतदारसंघाचा अर्थ घराणे पसरायला सोपे असाही होतो. आत्ताच्या विधानसभेत तीन नवरा-बायको जोड्या निवडून आल्या: विश्वजीत आणि दिव्या राणे, मोन्सेरात दांपत्य, लोबो दांपत्य. ४० पैकी ६ म्हणजे सभागृहाचा सातवा हिस्सा तीन घरांत.

काळा कोट

कायद्याची बाजू थोडक्यात मांडतो, इथे 'पक्षांतरबंदी मोडली' असे वारंवार येईल म्हणून.

घटनेच्या दहाव्या अनुसूचीत, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्यात, पूर्वी एक तृतीयांश फुटीला सूट होती, ती २००३ ला काढली. राहिला चौथा परिच्छेद: मूळ पक्षाचे विलीनीकरण झाले आणि विधिमंडळ पक्षाच्या दोन तृतीयांश सदस्यांची त्याला संमती असली, तर अपात्रता नाही. साध्या वाचनात दोन अटी दिसतात. पक्ष विलीन व्हायला हवा आणि शिवाय दोन तृतीयांश आमदार हवेत. अखिल भारतीय काँग्रेस २०१९ च्या जुलैमध्ये भाजपमध्ये विलीन झाल्याचे माझ्या तरी वाचनात नाही. पण सभापतींनी आणि नंतर उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने विधिमंडळ पक्षाच्या दोन तृतीयांशांचा निर्णय पुरेसा मानला.

तारखा बघा, त्यात खरी मेख आहे. पक्षांतर १० जुलै २०१९. सभापतींचा निर्णय एप्रिल २०२१. मतदान १४ फेब्रुवारी २०२२. उच्च न्यायालयाचा निर्णय २४ फेब्रुवारी २०२२. म्हणजे मतदार यंत्रासमोर उभा राहिला तेव्हा त्या दहा जणांनी कायदा मोडला की नाही याचे अंतिम उत्तर त्याला मिळालेलेच नव्हते. त्याने आपल्यापुरता निकाल दिला, न्यायालयाच्या दहा दिवस आधी. आणि दोन्ही निकाल परस्परविरुद्ध.

तोरिनोकर

मी सध्या इटलीत, तोरिनोला आहे. इथल्या प्रादेशिक सरकारांचा प्रकार तुमच्या प्रश्नाशी इतका जवळचा आहे की लिहिल्यावाचून राहवत नाही.

१९९९ पर्यंत इथे प्रदेशाचा अध्यक्ष, म्हणजे आपल्या मुख्यमंत्र्यासारखा, प्रादेशिक परिषद निवडायची. आघाड्या परिषदेतच बनायच्या आणि परिषदेतच मोडायच्या, मतदार प्रेक्षक. १९९९ ला घटना बदलली, २००० पासून अध्यक्ष थेट लोकांतून. आणि त्याला एक कलम जोडले: अध्यक्ष गेला, अविश्वासाने वा राजीनाम्याने, तर परिषदही बरखास्त, सगळ्यांनी पुन्हा लोकांसमोर जायचे. एका झटक्यात सरकार पाडायचा धंदा बसला. कारण सरकार पाडणाऱ्याला स्वतःची खुर्चीही पणाला लावावी लागते.

शिवाय आमच्या पिएमोंतेत मतदार अध्यक्षाला एक आणि परिषदेच्या यादीला दुसरे मत देऊ शकतो, वेगवेगळ्या आघाड्यांना सुद्धा. राज्य कोण चालवणार याचे उत्तर एका खुणेने, माझा माणूस कोण याचे दुसरीने. जिंकणाऱ्या अध्यक्षाच्या आघाडीला जादा जागा मिळून बहुमताची सोय होते.

हे नियम खरोखर वापरले जातात. लिगुरियात अध्यक्ष तोती भ्रष्टाचाराच्या प्रकरणात अडकले, जुलै २०२४ ला राजीनामा, ऑक्टोबरला लोकांनी नवे सरकार निवडले. मधल्या मध्ये कुणी दुसरा अध्यक्ष बनून बसू शकला नाही.

आता दुसरी बाजू, नाहीतर म्हणाल परदेशातून शहाणपण शिकवतोय. उमेदवाराच्या नावापुढे जे पसंतीचे मत असते त्याचा इथे बाजार भरतो. लोम्बार्दीत २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये गृहनिर्माण खात्याचा प्रादेशिक मंत्री झाम्बेत्ती याला अटक झाली. आरोप असा की कालाब्रियाच्या माफियाकडून त्याने चार हजार मते दोन लाख युरोंना विकत घेतली. मिलानसारख्या शहरात! सरकार कोसळले, मुदतीआधी निवडणूक. दुसरे म्हणजे लोकांचा उत्साह आटलाय. एमिलिया-रोमान्यात २०१४ ला मतदान ३८ टक्क्यांच्या आसपास होते. परिषद नुसती टाळ्या वाजवायला उरते अशी तक्रार सगळीकडे आहे.

आणि न्यायालयांच्या वेगाबद्दल काळा कोट यांना दिलासा: आमच्या पिएमोंतेची २०१० ची निवडणूक एका पाठिंबा देणाऱ्या यादीतल्या खोट्या सह्यांपायी २०१४ ला रद्द झाली. तोवर अध्यक्ष कोता यांनी जवळजवळ चार वर्षे राज्य केले होते.

खवट

थेट निवडून दिलेला मुख्यमंत्री? आपल्याकडे थेट नगराध्यक्षाचे काय झाले ते विसरलात वाटते. नगराध्यक्ष एका पक्षाचा, सभागृह दुसऱ्याचे. ठराव एकाने आणायचा, दुसऱ्याने पाडायचा, आणि गावाचे पाणी तसेच गढूळ. फडणवीसांनी थेट सरपंच आणला, आघाडीने काढला, शिंद्यांनी परत आणला. प्रत्येकाने आपापला फायदा बघून.

तोरिनोकर

म्हणूनच ते दुसरे कलम महत्त्वाचे. थेट निवडणूक आहे पण सोबत बहुमताची सोय नाही आणि दोघांचे भवितव्य एकमेकांना बांधलेले नाही, तर नगराध्यक्षासारखे भांडण होणारच. अर्धे औषध घेतले की गुण येत नाही.

पेडण्याचे अण्णा

माझे वय झाले, टंकायला वेळ लागतो, सांभाळून घ्या.

दोन प्रश्न वेगवेगळे विचारले तर गोयंकार वेगवेगळे उत्तर देतो का, याचा प्रयोग आमच्या डोळ्यांदेखत झालेला आहे. १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल. महाराष्ट्रात जायचे की केंद्रशासित राहायचे. भाऊसाहेब बांदोडकर आणि मगो विलीनीकरणाच्या बाजूने. आमच्या पेडण्यात फुलाच्या, म्हणजे विलीनीकरणाच्या, बाजूने धो धो मते पडली, पण एकूण गोव्यात दोन पानांचा, म्हणजे केंद्रशासित राहण्याचा, विजय झाला: १,७२,१९१ विरुद्ध १,३८,१७०. आमच्या घरात त्या दिवशी चूल पेटली नाही.

आता पुढचे ऐका. दोनच महिन्यांनी विधानसभा निवडणूक. ज्या पक्षाचा मुख्य मुद्दा लोकांनी नुकताच नाकारला होता, त्याच मगोला ३० पैकी १६ जागा. बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री. विलीनीकरण नको म्हणणाऱ्यांतल्या कित्येकांनी भाऊ हवेत म्हटले, त्याशिवाय हे गणित बसते कसे? कुळांना जमीन मिळेल, गावात मराठी शाळा येईल, हा विश्वास एका बाजूला, राज्याचे भवितव्य दुसऱ्या बाजूला. मतदार गोंधळलेला नव्हता. त्याला दोन कागद मिळाले म्हणून त्याने दोन उत्तरे दिली.

अंत्रुजकर

अण्णा, हे धाग्याच्या वरच टाकायला हवे होते!

आमच्या काळातले तसेच उदाहरण जमिनीचे. 'प्रादेशिक आराखडा २०११' नावाचा जमीनवापराचा आराखडा लोकांनी आंदोलन करून २००७ च्या सुरुवातीला रद्द करायला लावला. तेव्हा गोवा बचाव अभियानाच्या सभांना सगळ्या पक्षांचे मतदार येत. नंतर नगरनियोजन कायद्यात २०१८ ला १६ब आले, २०२३ ला १७(२), पुढे ३९अ. एकेका भूखंडाचा झोन बदलण्याच्या सोयी. १७(२) चे नियम मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने रद्द ठरवले. म्हणजे रस्त्यावर आणि कोर्टात हा प्रश्न स्वतंत्रपणे विचारता येतो, तिथे उत्तर मिळते. मतदान यंत्रावर तो आमदाराच्या फोटोमागे झाकला जातो.

मुठाकाठची

पण मग प्रमाणशीर प्रतिनिधित्व का नको? पक्षाला जेवढी मते तेवढ्या जागा. २०२२ ला तृणमूलला गोव्यात पाच टक्क्यांवर मते आणि जागा शून्य, आरजीला नऊ टक्क्यांवर आणि जागा एक, असे वाचले होते. भाजपला मते ३३ टक्के आणि जागा निम्म्या.

खवट

आणि २०१७ ला भाजपची मते ३२ टक्क्यांवर, काँग्रेसची २८ टक्क्यांवर. जागा मात्र १३ आणि १७. तेव्हा 'जनादेश चोरला' म्हणणाऱ्यांनी प्रमाणशीर पद्धत जरा जपूनच मागावी.

अंत्रुजकर

मान्य, आणि तो आकडा माझ्या मित्रमंडळींना सांगितला की कुणी ऐकून घेत नाही. माझी भीती वेगळी आहे. ३३, २३, ९, ७, ६, ५ अशा टक्क्यांत सभागृह भरले तर आघाडी कायमच निकालानंतर बनणार. २०२२ ला मगो तृणमूलसोबत लढला आणि निकाल लागताच भाजपला पाठिंबा देऊन मोकळा झाला. प्रमाणशीर पद्धतीत अशांचाच भाव वाढेल. १९९० ते २००० आम्ही ते भोगलेय. चर्चिल आलेमाव १८ दिवस मुख्यमंत्री, १९९४ च्या एप्रिलमध्ये रवी नाईक आठवडाभरही नाही. विल्फ्रेड डिसोझा तर इतक्यांदा आले-गेले की शपथविधीचे मंडप काढायला नकोत असे लोक म्हणत.

मला हवे ते तोरिनोकरांचे कलम. फोडाफोडी करून सरकार बदलले की विधानसभाच बरखास्त.

काळा कोट

त्याला घटनादुरुस्ती लागेल. मुख्यमंत्र्याची नेमणूक राज्यपाल करतो आणि मंत्रिमंडळ सामूहिकरीत्या विधानसभेला जबाबदार असते, हे कलम १६४. सदस्य प्रादेशिक मतदारसंघांतून थेट निवडले जातात, हे कलम १७०. गोव्याला किमान ३० सदस्यांची सवलत ३७१-आय मध्ये. एकट्या गोव्यासाठी एवढे कुणी करणार नाही आणि सगळ्या देशासाठी केले तर प्रत्येक पक्षाचे कुठे ना कुठे नुकसान आहे.

पण तुमच्या पहिल्या लेखातल्या एका गोष्टीला घटनेत हात घालावा लागत नाही. बूथनिहाय आकडे. कागदी मतपत्रिका होत्या तेव्हा मोजण्याआधी अनेक बूथच्या पत्रिका एकत्र मिसळायची तरतूद होती, निवडणूक नियमांतला ५९अ. मतदान यंत्रे आली आणि प्रत्येक बूथ पुन्हा उघडा पडला. अनेक यंत्रांची बेरीज एकदम दाखवणाऱ्या टोटलायझरचा प्रस्ताव आयोगाने २००८ लाच दिला होता, विधी आयोगानेही २०१५ च्या अहवालात शिफारस केली. केंद्र सरकार तयार झाले नाही. काम नियम बदलून होण्यासारखे आहे.

पेडण्याचे अण्णा

वकीलसाहेब, यंत्राने लपवले तरी पंच, म्हणजे आमचा पंचायत सदस्य, काय तोंड शिवून बसणार? कुठल्या घरातून कोण कुणाच्या गाडीतून मतदानाला गेला हे त्याच्या बायकोलाही ठाऊक असते.

झुआरीपारची

अण्णा, पंच अंदाज सांगेल आणि तोही स्वतःच्या सोयीने. आमच्या पंचाने २०२२ ला दोन्ही उमेदवारांना 'वाडा तुमचाच' असे सांगितले होते. फॉर्म २० आला आणि त्याची पंचाईत झाली. तो कागद नसता तर आमच्या वाड्याचा पाण्याचा नळ वर्षभर लटकला नसता.

अंत्रुजकर

काळा कोट, टोटलायझरसाठी नागरिकांनी मागणी करायची तर ती आयोगाकडे की कायदा मंत्रालयाकडे? आमच्या ग्रामसभेत ठराव आणायचा विचार आहे. शब्दरचना कशी असावी ते सांगितलेत तर बरे होईल.

काळा कोट

नियम केंद्र सरकार आयोगाशी सल्लामसलत करून बदलते, त्यामुळे कायदा मंत्रालयाला उद्देशून, प्रत आयोगाला. ठरावात गोव्याची मतदारसंख्या, बूथची सरासरी आणि तीन-चार निसटत्या निकालांचे आकडे जरूर घाला. पक्षांतराचा विषय त्यात आणू नका, नाहीतर सरपंच तो ठराव विषयपत्रिकेवर येऊच देणार नाही. मसुदा व्यक्तिगत निरोपात पाठवतो.